दाण्याचं लुगडं

गेल्या वर्षी घेवडा निघाला तेव्हा आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. तरी निवडायला तीच बसली. ओसरीवर भिंतीला टेकून, सूप मांडीवर घेऊन ती दाणे बोटांनी चाळायची. किडका दाणा तिला अंगठ्याखाली कळायचा, सुरकुतलेला कळायचा, खडा तर लगेच. पट्टे मात्र बोटांना लागत नाहीत. मूठभर दाणे माझ्यापुढे धरून ती विचारायची, "ह्यात बिनपट्ट्याचा आहे का गं एखादा?" बियाण्याला धरायचा दाणा पट्ट्याचाच हवा, हा तिचा नियम, आणि तो पाळायला आता तिला माझे डोळे लागत होते.

आमचा घेवडा म्हणजे वाघ्या. कोरेगाव तालुक्याचा. बाहेरचे लोक ज्याला राजमा म्हणतात त्याच कुळातला, पण फिकट गुलाबीसर अंगावर तांबडे पट्टे ओढलेला, म्हणून वाघ्या. 2016 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गावात त्याचं कौतुक झालं, पण तोवर बऱ्याच शिवारांत सोयाबीन शिरलं होतं आणि घेवडा करणाऱ्यांतही बरेच जण वरुणसारख्या वाणाकडे वळले होते. आमच्याकडे राहिला तो आईमुळे. मृगाला पेरायचा, भाद्रपदात सकाळच्या दवात झाडं उपटायची म्हणजे शेंगा तडकून दाणे सांडत नाहीत, खळ्यावर वाळवून काठीनं बडवायचा, उफणायचा. मग राख आणि कडुलिंबाचा पाला घालून डब्यात. ती हे सगळं सासरी येऊन शिकली. माहेर तिचं अलिबागकडचं. वडिलांची नोकरी काही वर्षं रोह्याला होती, तिथल्या ओळखीतून लग्न जमलं. आणि येताना ती वाल घेऊन आली.

त्यामुळे माझ्या लहानपणी घरात दोन कडधान्यांची दोन राज्यं होती. घेवडा सासरचा, वाल माहेरचा. कडवा वाल तिकडे भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर येतो, पाणी द्यावं लागत नाही. मामाकडून शिमग्याच्या सुमारास पिशवी यायची. तपकिरी, किंचित तांबूस दाणा, आणि त्याच्या कडेनं उठून दिसणारी पांढरी रेघ, कुणी चुन्याचं बोट फिरवल्यासारखी. रात्री भिजत घालायचे, सकाळी फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोलायला बसायचं. अंगठा आणि तर्जनीत दाणा धरून हलकेच दाबला की डाळिंबी सुळकन बाहेर येते आणि साल बोटात राहते. पांढरट, किंचित पोपटी डाळिंब्या एका पातेल्यात, सालींचा ढीग एका ताटात. भिजवलेलं पाणी चहासारखं तपकिरी झालेलं असायचं. ते कढीलिंबाच्या मुळाशी. दाण्याचा सगळा रंग त्या ढिगात आणि त्या पाण्यात गेलेला असतो, आत काही उरलेलं नसतं, हे मी तेव्हाच पाहिलं होतं. त्याचा अर्थ कळायला पुढे वनस्पतिशास्त्र शिकावं लागलं, मुलांना विज्ञान शिकवत आयुष्य काढावं लागलं.

घेवड्या-वालाचा रंग फक्त सालीत असतो. कागदासारखी पातळ साल, आणि त्यात काळा, लाल, तांबडा, पिवळा, जांभळा, ठिपके, पट्टे, डोळे हे सगळं. घेवड्याच्या वर्गात तर जगातल्या कुठल्याही कडधान्यात क्वचितच दिसावी इतकी विविधता आहे. मूळचा हा अमेरिका खंडातला. मेक्सिकोच्या बाजूला आणि अँडीज पर्वतात अशी दोनदा, वेगवेगळ्या माणसांनी, एकमेकांना न कळता त्याला रानातून शेतात आणलं. 1492 नंतर तो समुद्र ओलांडून बाकीच्या जगात पोचला. आणि जिथे गेला तिथे लोकांनी आपल्याला आवडलेला रंग धरून ठेवला. भदरवाहचा बारीक गडद लाल, मुन्सियारीचा पांढरा, दुकानात चित्रा म्हणून मिळतो तो बदामी अंगावर तांबडे शिंतोडे असलेला, आणि आमचा वाघ्या.

इतके रंग, पण रंगद्रव्यांची घराणी दोन-तीनच. काळ्या दाण्यातलं काळं खरं काळं नसतंच. ते अँथोसायनिन, म्हणजे जांभळात, कोकमात असतं त्याच जातीचं द्रव्य, इतकं दाट की प्रकाश परतच येत नाही. पिवळसर, बदामी छटांत केम्फेरॉलसारखी फिकट फ्लॅव्होनॉल असतात. तांबड्या-तपकिरी दाण्यांत टॅनिनचा भाग मोठा. चहा जिभेला तुरट लागतो तो ज्यामुळे, तेच. ही सगळी द्रव्यं झाडाच्या पेशीत एकाच वाटेवर तयार होतात. एक विकर एक पदार्थ पुढे ढकलतं, दुसरं त्याला थोडं बदलतं, वाट मध्येच फुटते. कुठे वाट बंद आहे, कुठे उघडी आहे, यावर दाण्याचा रंग ठरतो. वाघ्याच्या सालीत पट्ट्याच्या जागी वाट शेवटपर्यंत चालू असते आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये ती अलीकडेच थांबते. शेजारशेजारच्या पेशी, आनुवंशिक साठा अगदी एकच, आणि एक रंगते, एक रंगत नाही. हे मला आजही विस्मयाचं वाटतं.

शेंग हिरवी असताना उघडली तर आतले दाणे पांढरट हिरवे असतात. रंग अगदी शेवटी चढतो, शेंग पिवळी पडून चामट व्हायला लागते तेव्हा. त्या दोन-चार दिवसांत शेंग फोडली तर वाघ्याचे पट्टे असे दिसतात की पुन्हा तसे कधीच दिसत नाहीत: ओले, झळझळीत, कुंकवासारखे. वाळताना ते मंदावतात. आणि शिजवल्यावर तर पुसलेच जातात. पट्टे आणि मधली जागा दोन्ही मिळून एकच तांबूस तपकिरी रंग. लहानपणी मला याचं फार वाईट वाटायचं. मी ताटातला प्रत्येक दाणा उलटून पाहायची, एखाद्यावर पट्टा राहिला असेल म्हणून. आई म्हणायची, "रस्सा बघ. त्यात गेलाय."

आणि खरंच तिथेच जातो. अँथोसायनिन पाण्यात विरघळतं. शाळेत मी मुलांना हे दाखवण्यासाठी काळ्या राजम्याचं भिजवलेलं पाणी तीन ग्लासांत घ्यायची. एकात लिंबू पिळलं की ते गुलाबी-लाल, एकात खायचा सोडा टाकला की निळसर हिरवं, आणि मधला ग्लास जांभळा तसाच. मुलं टाळ्या वाजवायची. घरी हेच आई वर्षानुवर्षं करत होती, तिला ते प्रयोग वाटत नव्हते इतकंच. आमसूल घातलेला काळा घेवडा लालसर का दिसतो, लोखंडी कढईत परतलेला घेवडा काळवंडतो पण पितळेच्या कल्हईच्या पातेल्यात काळवंडत नाही, हे तिला ठाऊक होतं. टॅनिन आणि लोह भेटलं की काळं होतं. पूर्वी शाईसुद्धा याच भेटीतून करायचे. जांभळ्या शेंगांचा घेवडा शिजला की हिरवा होतो, तेव्हा ती म्हणायची, "ह्याचं वरचं उतरलं." शिजताना जांभळं द्रव्य पेशीतून सुटून पाण्यात पांगतं आणि त्याच्याखाली दडलेलं हरितद्रव्य दिसायला लागतं. तिच्या वाक्यात मला दुरुस्त करण्यासारखं काही सापडलेलं नाही.

पण झाडानं हा खटाटोप कशासाठी करावा? आपल्या डोळ्यांसाठी तर नक्कीच नाही. सालीतली ही द्रव्यं बुरशीला आणि किडीला अडवतात. शिवाय रंगीत साल पाणी सावकाश आत घेते. पांढऱ्या दाण्याची साल भसाभस पाणी पिते. कोरडा गर्भ एकदम फुगतो, त्याला तडे जातात, आतली साखर मातीत झिरपते आणि बुरशी तिच्या वासावर येते. थंड, चिकट, पाणी धरणाऱ्या रानात पांढरा घेवडा पेरणाऱ्याला हे माहीत असतं. तरीही माणसानं पांढरा जपला, कारण रस्सा स्वच्छ दिसतो, दाणा लवकर शिजतो. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पांढऱ्या घेवड्याचं मूळ शोधलं गेलं. दाण्यात रंग येण्यासाठी एक जनुक लागतो, तो सगळ्या वाटेचा मुख्य दरवाजा. त्या जनुकात बिघाड झाला की दाणा पांढरा. आणि हा बिघाड वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या प्रकारे, अनेकदा स्वतंत्रपणे झालेला आहे. म्हणजे कुठल्यातरी शेतात कुणाच्या तरी सुपात अचानक एक पांढरा दाणा आला, आणि त्या माणसानं, बहुधा त्या बाईनं, तो फेकला नाही. असं अनेक ठिकाणी, अनेक वेळा झालं.

सोयाबीनची गोष्ट याहून वेगळी, आणि मला जरा अस्वस्थ करणारी. रानटी सोयाबीनचा दाणा काळा असतो. आज रस्त्याकडेला पोत्यापोत्यांनी दिसतं ते पिवळं सोयाबीन म्हणजे काळं होण्याची क्षमता असलेलं, पण गप्प केलेलं सोयाबीन. त्याच्या जनुकांत एका जागी रंगाच्या वाटेवरच्या पहिल्याच विकराची प्रत उलटसुलट जोडली गेली आहे, आणि त्यामुळे पेशी त्या विकराचा निरोप आपणच कापून टाकते. रंग तयार करण्याची सगळी हत्यारं शाबूत, फक्त निरोप पोचत नाही. काही विषाणूंची लागण झाली की ते पेशीची ही कापाकापी थांबवतात, आणि मग पिवळ्या दाण्यावर काळे-तपकिरी डाग उमटतात. व्यापारी असा माल डागी म्हणून बाजूला काढतो. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा शेजारच्या रानातले दोन डागी दाणे आणून बराच वेळ टेबलावर ठेवले होते. हजारो पिढ्यांपूर्वीचा रंग आजाराच्या निमित्तानं वर आला होता.

आता आमच्याकडच्या एका वेलाकडे येते.

तीन वर्षांपूर्वी उत्तराखंडच्या सहलीहून मी मूठभर काळा राजमा आणला होता. आईनं तो परसातल्या कुंपणाला लावला, वाघ्याच्या सऱ्या तिथून चार पावलांवर. तो वेल कुंपणावर चढला, जांभळी फुलं आली, चार शेंगा खाल्ल्या, विषय संपला. त्या वर्षीच्या वाघ्याचं बियाणं आईनं नेहमीसारखं धरलं. माझे डोळे वापरून एकेक दाणा पाहिला होता; सगळे पट्ट्याचे, एकही वेगळा नव्हता. पुढच्या वर्षी तेच पेरलं आणि बुटक्या वाघ्याच्या सरीत एक झाड सरळ वेल होऊन निघालं. शेजारच्या तुरीला विळखा घालून वर गेलं. फुलं जांभळी. दाणे निघाले ते काळे, बिनपट्ट्याचे, वाघ्याहून थोडे लहान.

आई म्हणाली, "खळ्यावर मिसळलं. तुझा तो काळा आला असेल एखादा ह्यात."

मी म्हटलं, काळा दाणा असता तर आपल्याला पेरताना दिसला असता. पेरले ते सगळे पट्ट्याचेच होते.

"मग पट्ट्याच्या दाण्यातून काळा कसा येईल?"

तेव्हा मी तिला सांगितलं ते असं. दाण्याची साल दाण्याची नसते, ती आईची असते. फुलातल्या बीजांडाभोवती आईच्या अंगाचंच जे वेष्टण असतं तेच पुढे साल होतं. परागकणाचा, म्हणजे बापाचा, त्यात काही भाग नाही. बाप असतो तो आत, डाळिंबीत. घेवड्याचं फूल बहुतेक वेळा स्वतःचंच परागण करतं, पण एखादा भुंगा काळ्याच्या फुलावरून उठून वाघ्याच्या फुलावर बसला असणार. त्या फुलातून झालेल्या दाण्याच्या आत दोघं होते, पण अंगावर फक्त आई होती, पट्ट्यांसकट. तो दाणा पेरला, त्याचं झाड झालं, आणि त्या झाडानं जेव्हा स्वतः आई होऊन दाणे धरले तेव्हा कुठे बापाचा काळा रंग बाहेर आला.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे बाळंत्यात गुंडाळलेलं पोर. वरून लुगडंच दिसणार."

आमच्याकडे तान्ह्या मुलाला नवं कापड लावत नाहीत. आईच्या किंवा आजीच्या वापरून मऊ झालेल्या लुगड्याचं दुपटं, त्याचीच बाळंती. वीस वर्षं मी वर्गात बीजावरण शिकवलं, आकृती काढल्या, नावं दिली. यापुढे शिकवायचं असतं तर तिचंच वाक्य सांगितलं असतं.

ग्रेगोर मेंडेलला हा फरक नीट कळला होता. वाटाण्यात डाळिंबीचा पिवळा किंवा हिरवा रंग त्याच शेंगेत लगेच दिसतो, एकाच शेंगेत दोन्ही रंग शेजारी बसलेले असतात. सालीचा रंग मात्र एक पिढी थांबायला लावतो. हे त्यानं ओळखून मांडलं. वाटाणा सगळ्यांना माहीत आहे. त्यानं घेवड्यावरही काम केलं होतं, हे फार थोडे सांगतात. 1865 साली ब्रनो इथल्या सभेत वाचलेल्या आणि पुढच्या वर्षी छापलेल्या त्याच निबंधात ते आहे. पांढऱ्या फुलाचा, पांढऱ्या दाण्याचा बुटका घेवडा आणि लालभडक फुलांचा, ठिपक्यांच्या दाण्याचा उंच वेल यांचा त्यानं संकर केला. दुसऱ्या पिढीत हिशेब बसेना. लालजांभळ्यापासून फिकट जांभळ्यापर्यंत छटाच छटा, आणि फुलं आलेल्या 31 झाडांत पांढरं फक्त एक. वाटाण्याच्या सुबक आकड्यांनंतर हे किती खुपलं असेल. पण त्यानं ते लपवलं नाही. रंग एकाच घटकाचा नसून दोन किंवा जास्त स्वतंत्र घटकांचा मिळून झालेला असावा, असं त्यानं सुचवलं, आणि ते बरोबर होतं. मला वाटाण्याच्या मेंडेलपेक्षा हा घेवड्याचा मेंडेल जास्त जवळचा वाटतो, मठाच्या बागेत न जुळणाऱ्या आकड्यांसमोर उभा असलेला.

त्या एका वेलाचे दाणे आईनं वेगळ्या डब्यात ठेवले. दिवाळीनंतर तिच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, महिनाभरानं डाव्या. मोतीबिंदूनं नेत्रभिंग पिवळं, मग तपकिरी होत जातं आणि सगळ्यात आधी निळा-जांभळा प्रकाश अडवतं. हळूहळू होतं म्हणून कळत नाही. पट्टी निघाल्यावर ती दोन दिवस घरभर फिरून वस्तू पाहत होती. देवघरातला गोकर्णाचा निळा तिला इतका निळा वाटला की ती म्हणाली, हे फूल वेगळं आहे का. तिसऱ्या दिवशी तिनं डबे काढले.

वाघ्याचा आधी. खिडकीशी उजेडात दाणा धरून बराच वेळ पाहिला. "किती मळलेत," ती म्हणाली. मला वाटलं राख लागली असेल. पण तिच्याजवळ आदल्या वर्षीचे दाणे होते आणि खरंच ते तपकिरीकडे झुकले होते. सालीतलं टॅनिन हवेनं, उजेडानं, उबेनं सावकाश काळवंडतं, कापलेलं सफरचंद काळं पडतं तसं. जुना घेवडा गडद दिसतो आणि शिजायलाही हट्ट करतो, म्हणून वाण्याच्या दुकानात जाणती माणसं रंगावरून माल ओळखतात. आईनं नव्या डब्यातला एक आणि जुन्यातला एक असे तळहातावर शेजारी ठेवले. मग काळ्यांचा डबा उघडला.

"हे काळे कुठे आहेत?" ती म्हणाली. "जांभळे आहेत हे. आत निळं आहे."

मी वाकून पाहिलं. उन्हाच्या तिरिपेत दाण्याच्या उंचवट्यावर खरंच खोल जांभळी चमक होती. मी त्यांना वर्षभर काळे म्हणत होते, आणि माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू नव्हता.

ह्या सगळ्यात मला राहून राहून त्या बायकांचा विचार येतो, ज्यांच्या सुपांतून हे रंग आजवर आले. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाचे कितीतरी गावरान वाण जपले, वाटले. 2020 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं नाव झालं याचा मला फार आनंद आहे. अशी घरं अजूनही आहेत जिथे बियाण्याचा डबा सासूकडून सुनेकडे जातो आणि त्यातला एखादा रंग फक्त त्याच घरात उरलेला असतो. ते घर शहरात गेलं की तो रंग संपतो. कुणाला कळतही नाही, कारण त्याला नाव नव्हतं.

यंदा मृगाला आईनं डब्यातले वीस जांभळे दाणे पेरले, परसात, प्रत्येकाशेजारी तुराटीची काडी खोचून. वीसही दाणे दिसायला अगदी एकसारखे, एकाच वेलाच्या लुगड्यातले. सोळा रुजले. मी पुण्याला परत आले. मी तिला सांगितलं होतं, खळ्यावर मिसळलेला शुद्ध काळा असेल तर सगळी झाडं एकसारखी येतील. माझं म्हणणं खरं असेल तर येणार नाहीत. ती म्हणाली होती, "बघू."

श्रावणात एका सकाळी सातलाच फोन आला.

"फुलं आली. अकराला जांभळी आहेत, पाचाला फिकट, आपल्या वाघ्यासारखी. आणि सगळी चढत नाहीत, चार बुटकीच राहिलीत."

मी काही बोलणार तेवढ्यात तीच म्हणाली, "जांभळ्या फुलाला काळा दाणा येतो ना? त्या कुंपणाच्या वेलाला तसंच होतं. मग ह्या फिकट पाचांत पट्ट्याचा निघेल एखादा. फूलपण आईच्याच अंगाचं की."

मागे पाखरांचा आवाज येत होता, ती परसातच उभी असावी.

"खळ्यावर नव्हतं मिसळलं मग," ती म्हणाली. "दाणे भरू देत. शेंग पिवळी पडली की ये तू, ओले असताना बघायचेत मला."